आबांचे छर्रे

हिवाळा आला की आमच्या घराचे कान तळ्याकडे लागायचे. दिवाळी उलटून गेलेली असायची, कापसाच्या गाड्या सरकी काढण्यासाठी जळगावच्या जिनांकडे जायला लागलेल्या असायच्या, आणि एखाद्या पहाटे मेहरूणच्या तळ्यावरून एक आवाज यायचा. ओरडणं नव्हे. पाण्यावर कोणी मूठमूठ ज्वारी फेकावी, तसा. माझे सासरे अंथरुणातच उठून बसायचे आणि म्हणायचे, "उनात." आले. कोण आले हे घरात कोणी विचारत नसे. उत्तरेकडून बदकं आली, म्हणजे आबांचं वर्ष सुरू झालं.

मेहरूण तेव्हा शहरात नव्हतं. शेतं, बाभळी, तळं आणि मध्येमध्ये घरं, असं होतं. आता ते दिवस आठवले की सगळ्यावर धुकं असतं. खरोखरच रोज एवढं धुकं पडायचं का, की माझ्या आठवणीनंच ते नंतर पसरलं, सांगता येत नाही. पण मला आबा दिसतात ते धुक्यातूनच. अंगावर घोंगडी, खांद्यावर ठासणीची लांब बंदूक, आणि बांधावरून खाली उतरताना हळूहळू गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पुसले गेलेले.

मी पहूरची. आमच्याकडची बोली वेगळी, इथली अहिराणी वेगळी. पहिले काही महिने माझ्या बोलण्याला घरात हसायचे आणि मी त्यांच्या. सासरची मंडळी मूळची धुळ्याकडची, म्हणून त्यांच्या 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठं'. आबांच्या तोंडची बोली मात्र मला पहिल्यापासून गोड लागली. ते बोलायचेच कमी. त्यातून सुनेशी सासऱ्यानं समोरासमोर बोलायचं नाही ही रीत. पाणी हवं असलं तर ते गोठ्याकडे बघून म्हणायचे, "कोनी पानी देई का?" मग गोठ्यातल्या म्हशीच्या वतीनं मी तांब्या नेऊन ठेवायची.

सासूबाई माळकरी. घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. आबांचा शिकारीचा नाद सोडवायला त्यांनी लग्नानंतर पाच-पन्नास भांडणं करून पाहिली असावीत आणि मग हद्दी आखून घेतल्या असाव्यात. पाखरू घरात यायचं नाही. गोठ्यामागे वेगळी चूल, वेगळा पाटा, काळं पडलेलं वेगळं पातेलं. जेवायची ताटंसुद्धा वेगळी, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ती गोठ्याच्या फळीवर. आणि तिथलं काम ज्यानं केलं त्यानं डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणखी एक नियम होता. ज्या बदकाच्या चोचीवर पिवळं आणि लाल असतं, त्याला आमच्यात हळदीकुंकू म्हणायचे, ते मारायचं नाही. सासूबाईंच्या लेखी ते पाखरू सवाष्ण. आबांनी हा नियम आयुष्यभर पाळला. बायकोची भीती म्हणा, नाहीतर माया म्हणा.

एवढं सोवळं, पण पिसं मात्र चालायची. बदकाच्या छातीवरची मऊ पिसं मी धुऊन उन्हात वाळवायची आणि सासूबाई गुपचूप ती उशीत भरायच्या. "पिसाला काय जीव असतो?" असं वर मलाच विचारायच्या. त्या उशीवर डोकं ठेवलं की माणूस बुडायचं. दुपारी घटकाभर मीही त्यावर टेकायची, आणि झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत मला वाटायचं की खाली पाणी आहे.

माहेरी मी मटण रांधायला शिकले होते, म्हणून गोठ्यामागची चूल आपोआप माझ्याकडे आली. मला ते काम आवडायचं, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. पाखराचं अंग ऊन असतानाच ते कोरडं सोलायला बसायचं. पाण्यात बुडवलं तर बदकाची पिसं आणखीच चिकटतात, त्यांच्या अंगात तेल फार. मोठी पिसं उपटून झाली की बारीक लव राहते, ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर धरून भुरभुर जाळायची. मग राख आणि हळद चोळून धुवायचं. शेपटीच्या मुळाशी एक तेलाची गाठ असते, ती अचूक काढून टाकायची. ती राहिली तर अख्ख्या पातेल्याला तळ्याच्या गाळाचा वास येतो. मग तुकडे, मीठ, लसूण. निखाऱ्यात काळे होईपर्यंत भाजलेले कांदे, भाजलेलं खोबरं, आमचा काळा मसाला, सगळं पाट्यावर गंधासारखं वाटायचं. रस्सा उकळायला लागला की त्यावर तेलाचा लाल तवंग यायचा आणि गल्लीतली कुत्री कुंपणाशी येऊन सभ्यपणे बसायची.

आबांचे जोडीदार चाचा. शहरात त्यांची लाकडाची वखार होती. तरुणपणी दोघं एका आखाड्यात घुमायचे, तेव्हापासूनची दोस्ती. चाचांची बंदूक दोन नळ्यांची, काडतुसाची, धूर जवळजवळ नाहीच. आबांची ठासणीची. तिच्यात दारू भरा, चिंध्या ठासा, छर्रे ओता, पुन्हा ठासा. उडाली की बांधावर एवढा धूर व्हायचा की नेमानं खोकला यायचा. छर्रेही आबा घरीच करायचे. शिशाच्या पट्टीचे बारीक तुकडे कापायचे आणि दोन सपाट दगडांमध्ये घोळवत बसायचे. दुपारभर तो घर्रघर्र आवाज. ते छर्रे ज्वारीच्या दाण्याएवढे. चाचांच्या काडतुसातले बाजारचे, मोहरीसारखे बारीक आणि सगळे सारखे.

वाटणीचा नियम त्या दोघांनी स्वतःच केला होता. पाखरू पडलं की चाचा धोतर वर खोचून पाण्यात शिरायचे, हातात चाकू. पाखरात धुगधुगी असली तर अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायचे, ते त्यांना खायला चालायचं. आधीच मेलेलं असलं तर नाही. आबा म्हणायचे, "जितं ते तुनं, मरेल ते मनं." कोणाच्या बंदुकीनं पडलं याचा वाटणीशी संबंध नव्हता. पण आठवड्यातून एकदा दोघं आमच्या गोठ्यामागे एकत्र जेवायचे. त्या दिवशी पातेल्यात चाचांनी कापलेलीच पाखरं असायची, म्हणजे दोघांना चालतील. तरटावर शेजारी शेजारी बसायचे, समोर सारखीच जर्मनची ताटं. बाहेर सगळेच बाटलेले, म्हणून सगळेच सारखे.

आणि त्या जेवणात त्यांचा एक खेळ असायचा. खाताना दाताखाली छर्रा आला की तो ताटात टाकायचा. टिंग. ज्वारीएवढा असला तर आबा गर्जायचे, "आपला!" मोहरीएवढा असला तर चाचा नुसती मिशी पुसायचे. पाखरू कोणाचं हा निकाल तळ्यावर लागायचा नाही, ताटात लागायचा. मी कुडाआड भाकरी थापत टिंग ऐकायची आणि आवाजावरून ओळखायची कोणाचा ते.

मग एका हिवाळ्यात मोठे टिंग बंद झाले.

ताटाच्या आधी ते माझ्या हातांना कळलं. पाखरू कापताना छर्रा बोटांना लागतो. मांसात एक निळसर डाग असतो, तिथं दाबलं की तो निसटून बाहेर येतो. त्या वर्षी निघायचे ते सगळे मोहरीएवढे. एक पाखरू, दुसरं, पुढच्या आठवड्यातलं, सगळ्यांत चाचांचेच छर्रे. आबा रोज जात होते, रोज बंदूक उडत होती, धूर होत होता, घरी येऊन "आज मी दोन पाडात" म्हणत होते. आणि पाखरांच्या अंगात आबा कुठेच नव्हते.

आबांना दिसेनासं होत चाललंय हे मग मला इतर गोष्टींतूनही दिसायला लागलं. तांब्या घेताना हात आधी जरा हवेत फिरायचा. उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी थबकायचे. डोळ्यांत राखेचा पातळ पापुद्रा धरल्यासारखं झालं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. कारण ते बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं हे मला स्वच्छ दिसत होतं. माझे यजमान जिनात कारकून, कायद्याला धरून चालणारे. बंदुकीचा परवाना दरवर्षी नव्यानं करून आणायचा तो तेच. त्यांनी बंदूक कचेरीत जमा केली असती. आबा ओट्यावर बसले असते. ज्या माणसानं हिवाळ्यातली एक पहाट अंथरुणात काढली नव्हती, तो ओट्यावर बसून वाळला असता. या विचारानं मला रडूच यायचं.

एका सकाळी मी धुणं घेऊन तळ्यावर गेले होते. धुकं एवढं, की माझ्याच हातातलं लुगडं पलीकडच्या टोकाला दिसत नव्हतं. मग थोडी वाऱ्याची झुळूक आली आणि धुक्यात एक खिडकी पडली. त्या खिडकीत दोघं उभे होते, पाण्यात पोटऱ्यांपर्यंत. डावीकडे बदकांचा मोठा थवा, लांब शेपटीची, मानेवर पांढरी रेघ असलेली. चाचांनी आबांच्या बंदुकीखाली तळहात धरला आणि नळी हळूच उजवीकडे वळवली, जिथं नुसतं मोकळं पाणी होतं, माणूस नाही, पाखरू नाही. मग म्हणाले, "भाऊ, आता." दोन्ही बंदुका एका दमात उडाल्या. आबांची मोकळ्या पाण्यावर, चाचांची थव्यावर. थवा उठला, सगळं आभाळ पंखांनी फडफडलं, आणि एक पाखरू डावीकडे धपकन पडलं. आबांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि पोरासारखे ओरडले, "पडनं!"

"तुनंच शे, भाऊ," चाचा म्हणाले आणि चाकू घेऊन पाण्यात शिरले.

तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि काडतुसं सोन्याच्या मोलाची झाली होती. चाचा कुठून कुठून मिळवायचे. ती ते अशी खर्ची घालत होते. मी दगडावर बसून राहिले. धुकं परत आलं, खिडकी मिटली, आणि मी पाहिलं ते खरं की भास, असं वाटावं इतकं सगळं शांत झालं. घरी आले तेव्हा धुणं न धुताच परत आणलंय हे सासूबाईंनी दाखवून दिलं, तेही भरपूर शब्दांत.

पुढे परवान्याचे दिवस आले. एका संध्याकाळी यजमान हात-पाय धुताना मला म्हणाले, "आबांना नीट दिसतं का गं? काल माझ्या चपला घालून निघाले होते."

मी म्हटलं, "चपला काय, कोणीही घालतं."

"पाखरं तूच साफ करतेस. त्यांचा छर्रा निघतो का अजून?"

मी पदर नीट करत राहिले. त्यांनीच पुढे ठरवून टाकलं. या जेवणाला ते स्वतः पंगतीला बसणार. आबांचा छर्रा निघाला तर परवाना करून आणणार, नाही निघाला तर बंदूक कचेरीत जमा. कारकून माणूस, त्याला पुरावा हवा होता. आणि पुरावा माझ्या हाताखालून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पाखरं आली. मी नेहमीसारखी सोलली, जाळली, धुतली. आतले बारीक छर्रे दाबून दाबून सगळे काढले. आबा जिथं शिसं घोळवत बसायचे, तिथं दगडांच्या फटीत काही छर्रे घरंगळून पडलेले असायचे, ते वेचून आणले. मांडीच्या मांसात हाडालगत सुरीच्या टोकानं वाट केली आणि एक आत सारला. मग छातीच्या तुकड्यात एक. मग धीर आला, आणखी एक. मसाला लावला तेव्हा कुठं काही दिसत नव्हतं. देवाला म्हटलं, ही लबाडी असेल तर माझ्या खात्यावर, बंदूक आबांच्या खांद्यावर राहू दे.

त्या दिवशीचं ऊन अजून माझ्या अंगावर आहे. हिवाळ्यातल्या दुपारचं, गोठ्याच्या कुडातून पट्ट्यापट्ट्यांनी येणारं, आणि त्या पट्ट्यांत बदकाची बारीक लव तरंगत होती. खाली यायला तयारच नव्हती. तिघं तरटावर बसले, आबा, चाचा आणि यजमान. मी रस्सा वाढला, बाजरीच्या भाकरी टाकल्या आणि आडोशाला गेले. तवा तापला होता पण माझं लक्ष भाकरीवर नव्हतं, एक तर करपलीच. चावण्याचे, भुरकण्याचे आवाज येत होते. चाचांनी रश्श्याचं कौतुक केलं. यजमान ताटांकडे कान लावून होते.

टिंग.

मोठा. मी ओळखला. पण आबांची गर्जना आली नाही. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. आबांनी छर्रा ताटातून उचलला होता आणि अंगठा नि बोट यांच्यात हळूहळू फिरवत होते. चाचांचा घास हातातच राहिला होता. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या पाखरात आबांचा छर्रा कसा असेल, हे त्यांच्याइतकं नक्की कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी सावकाश मान वळवली आणि थेट कुडाच्या फटीकडे पाहिलं. मी पदर तोंडात धरला.

आबा अजून छर्रा फिरवतच होते. मला वाटलं, किती वेळ. मग त्यांनी तो पुन्हा ताटात टाकला आणि गोठ्यातली म्हैस दचकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आपला!"

"आपला म्हणजे काय, भाऊ, तुनाच!" चाचा म्हणाले आणि ठसका लागल्यासारखे खोकू लागले. डोळे पुसले. रस्सा तिखट झालाय म्हणाले. यजमानांनी छर्रा उचलून उजेडात धरला, ज्वारीएवढा आहे याची खात्री करून घेतली आणि समाधानानं जेवायला लागले. नंतर आणखी एक निघाला, आणि मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी मलाच वाटलं, जरा जास्तच झालं.

जेवणं आटोपली. यजमान जिनात गेले. जाताना म्हणाले, परवान्याचं उद्या बघतो. चाचा बाभळीखाली विडी ओढत बसले. आबा हात धुवायला मोरीच्या दगडापाशी आले. मी तांब्या घेऊन उभी राहिले, डोक्यावर पदर, मान खाली, आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागले. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. मग गोठ्याकडे बघितलं नाही. माझ्या चेहऱ्याच्या जरासं बाजूला बघत, जिथं मी असेन असं त्यांना वाटलं तिथं बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "पाखरूमा घुसेल छर्रा असा गोल नही ऱ्हास, माय. हाडले लागना का चपटा व्हस. पुढला येळे दगडवर जरासा ठोकीसन टाकजो."

माझ्या हातातला तांब्या कलला तो तसाच राहिला. पाणी त्यांच्या पायांवर वाहत होतं.

बाभळीखालून चाचा काहीतरी हसत म्हणाले. आबांनी त्या आवाजाकडे कान दिला, पंच्याला हात पुसले, आणि आणखी हळू म्हणाले, "आनि मले बठ्ठं ठाऊक शे हाई त्याले सांगू नको. मी घर बसनू ते तो बी तळावर जावाव नही."